दुसऱ्या खुर्चीतला फोटो

"फोटो गेला म्हणजे? गेला कुठे?" अफ्राकोमानं विचारलं.

यॉ दार्कवानं मान खाली घातली. कुमासी शहरातल्या त्याच्या दुकानात फलक छापले जात ते वारलेल्या माणसांचे. वर मोठा फोटो, खाली नाव, वय आणि अंत्यविधीचा दिवस. अफ्राकोमाच्या आईचा, सेरवाआजींचा, अंत्यविधी परवा शनिवारी होता. आजींनी उभ्या जन्मात एकदाच फोटो काढू दिला होता. तो ज्या फोनमध्ये होता तो फोन बाजारात चोरीला गेला. त्यानंतर फोटो उरला होता तो फक्त यॉच्या कम्प्युटरमध्ये.

कम्प्युटरवर यॉचा भारी जीव. दर सोमवारी पेटी उघडून तो ब्रशनं धूळ काढी आणि मग फुकटातलं काहीतरी उपयोगी शोधत बसे. या सोमवारी त्याला एकसारखे फोटो हुडकून जादाची प्रत पुसणारं सॉफ्टवेअर सापडलं. आजींच्या फोटोच्या दोन प्रती होत्या. सॉफ्टवेअर मोठं कामसू निघालं. त्यानं दोन्ही पुसल्या.

"शनिवारी चारशे माणसं येणार," अफ्राकोमा रडकुंडीला आली. "चेहऱ्याशिवाय निरोप देऊ का आईला? अमानिंगमामा मला जिवंत सोडेल का?"

"ताई, पुसलेलं परत आणणारंही एक सॉफ्टवेअर असतं. तेही फुकट."

"फुकटच्या नादानंच गेला ना रे तो?"

तरी यॉनं ते उतरवून घेतलं. बाहेर वाळवंटाकडून वाऱ्यानं आणलेली धूळ इतकी दाटली होती की भर दुपारी दिवा लावावा लागला. पडद्यावर एकेक फोटो उगवू लागला. त्यात आजी नव्हत्या. एक गोरी म्हातारी होती. शेकोटीजवळ दोन खुर्च्या, एकीत ती, दुसरी रिकामी. पुढच्या फोटोत पुन्हा तीच, केस थोडे आणखी पांढरे. त्याच्या पुढच्यात आणखी थोडे. शंभर झाले, दोनशे झाले. हा कम्प्युटर परदेशातल्या जुन्या मालाच्या कंटेनरमधून आला होता, पण एकटा आलेला दिसत नव्हता.

"सगळीकडे एकटीच आहे ही," अफ्राकोमा हळूच म्हणाली. "मग फोटो कोण काढतंय?"

यॉनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

एक्क्याण्णव टक्क्यांवर काम थबकलं. म्हातारी पडद्यातून थेट दोघांकडे बघत राहिली. पेटीतून घरघर येत होती, कुणी जिना चढून दम खावा तशी.

"बंद कर ते!"

"बंद केलं तर आजी कायमच्या जातील, ताई."

अफ्राकोमा त्या चेहऱ्याजवळ वाकली. "यॉ, हिच्यासाठी कुणी रडलं असेल का रे?"

"मला काय ठाऊक?"

"नसेलच. रडलं असतं तर हिचे फोटो असे भंगारात गेले असते? दारातच बसलीय बिचारी. ती उठल्याशिवाय माझी आई बाहेर येणार कशी?"

तिनं स्टूल ओढलं, डोक्याला फडकं बांधलं आणि गेलेल्याच्या निरोपाचं गाणं गायला सुरुवात केली. "आलीस ग माये आमच्या दारी, नाव तुझं आम्हां ठाऊक नाही, देवाघरची वाट लांबची, चार पावलं सोबत करू..." शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातल्या तिघी धावत आल्या आणि काही न विचारता सुरात सूर मिसळू लागल्या. कडवं संपल्यावर एकीनं डोळे पुसत विचारलं, "कोण गेलं ग?"

"ओळखीचं नाही."

"अगं बाई! मग आणखी एक कडवं म्हणू या."

दुसऱ्या कडव्याला यॉचेही डोळे मिटले, ओठ हलू लागले. त्यानं डोळे उघडले तेव्हा पडद्यावर शंभर टक्के झाले होते आणि सेरवाआजी त्याच्याकडे बघत होत्या.

फक्त वरच्या अर्ध्यात. सॉफ्टवेअरनं तुकडे भलतेच जोडले होते. चेहरा नि खांदे आजींचे, खाली ती रिकामी खुर्ची, पेटलेली शेकोटी, आणि शेजारच्या खुर्चीच्या हातावर एक गोरा, सुरकुतलेला हात. जोड मात्र कुठेच दिसेना. यॉनं माउस पकडला.

"खालचं कापून टाकू?"

"हात लावू नकोस," अफ्राकोमा म्हणाली. "आई बसलीय."

शनिवारी अमानिंगमामा फलकासमोर थांबला तो हलेचना. "बहिणीला परदेशी धाडलंत आणि सख्ख्या भावाला पत्ता नाही? कधी गेली होती?"

अफ्राकोमाला आईसमोर खोटं बोलवेना. "परवाच गेली, मामा."

"घरात शेकोटी पेटवतात! आणि हा हात?"

"तिच्या मैत्रिणीचा."

मामानं अंगावरच्या काळ्या वस्त्राच्या टोकानं डोळे टिपले. "बरी सोय झाली म्हणायची," एवढंच तो बोलला.

सोमवारी यॉ पेटी उघडून बसला होता, तोच दारात सावली पडली. अमानिंगमामा उभा होता. अंगात जाड लोकरी कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, घामाच्या धारा हनुवटीवरून टपटपताहेत.

"फोटो काढ."

"मामा, पुन्हा कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. पण तिथं तिसरी खुर्ची मावत असेल तर माझी आत्ताच धरून ठेव. तिकडे थंडी असते म्हणे." मामा धापा टाकत स्टुलावर टेकला. "आणि जरा लवकर आटप रे, नाहीतर या कोटात मी आत्ताच निघेन."