जेवण एक वाजता

"तुम्हाला उशीर होणार असेल तर कृपया फोन करा. नाही केलात तर आम्ही काळजी करतो."

निळ्या शाईतली, जरा थरथरत्या अक्षरातली ही दोन वाक्यं ऋताने वाचली, हसली आणि पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून टाकलं.

"हॉटेलवाले कधी कुणाची काळजी करतात का रे? सगळं मार्केटिंग. होमली वाटावं म्हणून."

"तू हसतेयस?" अंकुर म्हणाला. "तू?"

त्याला आश्चर्य वाटणं साहजिक होतं. काळजी हे त्या घरात ऋताचं खातं होतं. तीन वर्षांच्या अनिशला ती द्राक्षाचे चार तुकडे करून द्यायची, डेकेअरच्या कॅमेऱ्यात दर पंधरा मिनिटांनी डोकावायची आणि तो झोपला की त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची. अनिश झाल्यापासून तिने घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. खरं तर त्यांना आयर्लंडला जायचं होतं, तिथल्या जुन्या, एकेका कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलांत राहायला. अंकुरच्या ऑफिसातला कोणीतरी जाऊन आला होता आणि तिथले पाव आणि उशा यांच्याबद्दल तासभर बोलला होता. पण व्हिसा स्टँपिंगचं झेंगट होतं. एकदा अमेरिकेबाहेर पडलं आणि परत येऊ दिलं नाही तर? तेव्हा अंकुरने आयर्लंडच जवळ शोधलं. न्यू जर्सीतल्या त्यांच्या घरापासून तीन तासांवर, कॅट्सकिलच्या डोंगरात, आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेल्या एका कुटुंबाचं 'रोवन हाउस'. अकरा खोल्या. तिसरी पिढी. वेबसाइट नाहीच. पत्र लिहायचं, पत्र येतं.

पत्रासोबत एक कोरं कार्डही होतं: 'तुमच्याबद्दल आम्हाला काही सांगायचं असल्यास.'

ऋताने कार्ड भरलं. जागा पुरेना म्हणून मागे दोन कागद जोडले. अनिशची उंची, वजन, अ‍ॅलर्जी, जॅकेटचा रंग, गाडीचा रंग, नंबर, डॉक्टरांचा फोन. आणि शेवटी, 'आम्ही सापडलो नाही तर' असं लिहून टेक्ससला, प्लेनोत भावाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या आईचा नंबर.

"आम्ही सापडलो नाही तर?" अंकुरने वाचून विचारलं.

"असावं रे. कुठे काय होतं."

शनिवारी सकाळी नऊला निघायचं ठरलं होतं, म्हणजे ते दहा वाजून दहा मिनिटांनी निघाले. मग ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत थांबावं लागलं, कारण आयरिश लोक शाकाहारी माणसाला नुसता बटाटा देतात असं ऋताने कुठेतरी वाचलं होतं. थेपले घेतले, पोळ्या घेतल्या, बाकरवडी घेतली. अकराला हायवेला लागले. वीस मिनिटं झाली आणि ऋता ताठ बसली.

"अंकुर, गॅस."

"बंद केलाय."

"मी केला की तू केलास?"

"आपल्यापैकी कोणीतरी केलाय, ऋता."

ते परत फिरले. गॅस बंद होता. अंकुरने दोघांचे फोन स्विच ऑफ केले आणि ग्लव्ह बॉक्समध्ये टाकले. "आता दोन दिवस काळजी बंद. रस्ता गाडीच्या स्क्रीनवर दिसतोय. यार, एकदा करून तर बघ."

ऋताला इतकं अपराधी वाटत होतं की ती हो म्हणाली. आणि नवल म्हणजे, तासाभरात तिला बरं वाटायला लागलं. एक वाजला तेव्हा अंकुर म्हणालासुद्धा, "अगं, पत्रात एक वाजता जेवण लिहिलं होतं ना? फोन करायचा का?"

"चेक-इन कुठेही रात्रीपर्यंत असतं," ऋता म्हणाली. "तूच म्हणालास ना, काळजी बंद."

मग अनिशला गाडी लागली. मग त्याचे कपडे बदलले. मग 'ब्लूबेरी, आपल्या हाताने तोडा' अशी पाटी दिसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच ऋता म्हणाली, "थांबूया?"

इकडे रोवन हाउसमध्ये एक वाजता तीन ताटं मांडलेली होती, त्यांतलं एक छोटं. पत्र लिहिणाऱ्या नोराबाई स्वतः एकोणऐंशी वर्षांच्या. घराच्या पुढच्या दालनात एक टेबल, त्यावर वायरवाला काळा फोन आणि पाहुण्यांची वही. हे टेबल पंचावन्न वर्षं त्यांचं होतं. दीड वाजता त्यांनी ऋताचा फोन लावला. बंद. अंकुरचा लावला. बंद. त्यांनी ऋताचे तिन्ही कागद पुन्हा वाचले आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबल्या.

प्लेनोच्या मोठ्या घरात ऋताच्या आई सुचित्राबाई एकट्याच होत्या. मुलगा, सून, नातवंडं सॉकरच्या मॅचला गेलेली. शनिवारी तिथे इतकं सुनसान असायचं की सुचित्राबाई फ्रिजशीही बोलायच्या. फोन वाजला.

"मिसेस सुचित्रा? मी नोरा. तुमची मुलगी अजून जेवायला आली नाही."

ऋता जन्मल्यापासून सुचित्राबाई ज्या फोनला भीत आल्या होत्या तो अखेर आला. त्या बत्तीस वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, त्यामुळे इंग्रजी चोख होतं आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

"किती वाजता यायची होती?"

"एकला. सूप गार झालं."

"निघाली किती वाजता?"

"ते तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं."

मग सुचित्राबाई म्हणाल्या, "पोलिसांना कळवलंत का?"

"तीच तर अडचण आहे," नोराबाईंचा आवाज उतरला. "एप्रिलमध्ये एक जोडपं रात्री परतलं नाही म्हणून मी फायर ब्रिगेड बोलावली. ते गच्चीवर तारे बघत बसले होते. मे महिन्यात एक गृहस्थ दार उघडेनात. ते अंघोळीला गेले होते. माझा मुलगा डेक्लन म्हणतो, आई, आणखी एकदा असं झालं तर फोन माझ्याकडे. टेबलसुद्धा. तू वर जाऊन आराम करायचास. आराम म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच असेल."

सुचित्राबाईंनी त्या सुनसान घराकडे एकदा पाहिलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"नोराबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलवा. मुलांचं काय ऐकायचं? मी माझी माणसं कामाला लावते."

सुचित्राबाईंची माणसं म्हणजे जगन्नाथ काका. पन्नास वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड, न्यू जर्सीतच आयसेलिनला राहणारे, मराठी मंडळाचे तीनदा अध्यक्ष झालेले आणि चौथ्यांदा कोणी विचारत नाही म्हणून कंटाळलेले. त्यांनी फोन पूर्ण ऐकूनही घेतला नाही. "वहिनी, निघालो," म्हणाले. निघण्यापूर्वी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: 'अर्जंट. पांढरी गाडी. लहान मूल. कॅट्सकिल.' पाच मिनिटांत चाळीस नमस्काराचे हात आले, एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि एकाने विचारलं, "गाडी विकायची आहे का?"

तीन वाजेपर्यंत त्या डोंगरात गावच्या फायर ब्रिगेडचे अकरा स्वयंसेवक फिरत होते. एरवी त्यातला एक न्हावी, दोघं प्लंबर, एक शाळेचा मुख्याध्यापक. ऋताने इतकी नेमकी माहिती पुरवली होती की असा सुरेख शोध त्यांना आयुष्यात करायला मिळाला नव्हता. प्रत्येकाच्या खिशात अनिशच्या जॅकेटचा रंग, बुटांचं माप आणि 'शेंगदाणे अजिबात नाहीत' ही सूचना होती. दर खड्ड्यात डोकावून बघत होते. घराघराची दारं वाजवून विचारत होते. नोराबाई टेबलापाशी, सुचित्राबाई फोनवर. मधल्या वेळात शोध थंडावला की नोराबाई ब्राउन ब्रेडची कृती सांगायच्या आणि सुचित्राबाई आपली नात आपल्याशी इंग्रजीतच कशी बोलते ते सांगायच्या. मग दोघींना एकदम आठवायचं आणि दोघी पुन्हा रडवेल्या व्हायच्या.

सहा वाजता ऋता, अंकुर आणि अनिश निळ्या जिभांनी रोवन हाउसच्या वळणावर आले. हिरवळीवर फायर ब्रिगेडची लाल गाडी उभी होती.

"फायर ट्रक!" अनिश ओरडला. "इज इट फॉर मी?"

"नाही रे राजा," ऋता म्हणाली. मग हेल्मेट घातलेला एक माणूस हातातला कागद वाचत त्यांच्याकडे धावत आला, अनिशच्या जॅकेटकडे बघून म्हणाला, "पिवळं, टोपीवालं!" आणि ऋताला आपलं अक्षर दिसलं.

"हो रे," ती हळूच म्हणाली. "तुझ्यासाठीच आहे."

अंकुरने तोंडावर हात धरला. ऋताला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "ब्लूबेरी तोडत होतो," एवढंच तिने सांगितलं आणि ती बातमी तिच्याआधी आत पोचली. आत गेली तर दालनात एक उंच, लाल चेहऱ्याचा, एप्रन बांधलेला माणूस उभा. हा डेक्लन. त्याच्या हातात काळ्या फोनची वायर होती, भिंतीतून नुकतीच उपटलेली. समोर छोटीशी पांढऱ्या केसांची बाई हात मांडीवर ठेवून बसली होती, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखी.

"आई, तू कबूल केलं होतंस," डेक्लन म्हणत होता. रागावून नाही, तेच जास्त वाईट होतं. "लोक ब्लूबेरी तोडत होते, आई. अकरा माणसं. त्यांचा शनिवार."

"चूक माझी आहे," ऋता पुढे झाली. "त्यांनी लिहिलं होतं, फोन करा. मी वाचून हसले. आणि तुम्हाला खरं सांगू? त्यांच्या जागी मी असते तर दीडपर्यंत थांबलेच नसते. एक वाजून पाच मिनिटांनी फोन केला असता."

नोराबाईंनी वर पाहिलं. तीन वर्षं ऋताला सगळे सांगत होते की एवढी काळजी बरी नाही: डॉक्टर, अंकुर, डेकेअरवाली मेलिसा. काळजीबद्दल कोणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, रांगेत ओळखीचं कोणी भेटावं तसं.

डेक्लन म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाहुण्या आहात. पण हे आमच्या घरातलं..."

एवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं आणि जगन्नाथ काका आत आले. शर्ट मातीने भरलेला, चेहरा मंडळाच्या निवडणुकीत जिंकल्यासारखा.

"सापडला!" ते म्हणाले.

"काका, आम्ही इथे आहोत," ऋता म्हणाली.

"तू गं कोण? हां, तू. तू सापडलीस होय? बरं झालं. मी त्या म्हाताऱ्याबद्दल बोलतोय."

मग कळलं ते असं. काकांच्या फोनची रेंज गेली, रस्ता चुकला म्हणून त्यांनी टेकडीमागच्या एका घराचं दार वाजवलं. आतून कोणी आलं नाही, पण मागून आवाज आला. मागच्या पायऱ्यांखाली फ्रँक नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ पडले होते, सकाळी आठपासून. मांडीचं हाड. एकटेच राहतात. त्यांना कोणी जेवायला बोलावलं नव्हतं, म्हणून ते आले नाहीत हे कोणाला कळलं नव्हतं.

"गाडीच्या डिकीत सत्काराच्या दोन शाली होत्या," काका म्हणाले. "आणि छत्री. त्यांच्या घरातल्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली आणि छत्रीची फळी करून पाय शालीने बांधला. अँब्युलन्सवाला म्हणाला, डॉक्टर, फार सुंदर काम. मी म्हटलं, शाल भारी आहे, जपून सोडा. नारळ पण होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही."

"फ्रँक?" डेक्लनचा आवाज बदलला. "त्यानेच मला पोहायला शिकवलं."

"आज रात्र निघाली नसती," काका सरळ म्हणाले.

डेक्लन खाली वाकला, टेबलाखाली रांगत शिरला आणि फोन भिंतीत परत जोडला. तो लगेच वाजला. पलीकडून सुचित्राबाई शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारत होत्या, "नोराबाई? फोन का कट केलात? आली का माझी पोर?"

सगळे जेवायला बसले तेव्हा सात वाजले होते. अकरा स्वयंसेवकांनी थेपले संपवले. शाकाहारी माणसाला नुसता बटाटा मिळतो हे खोटं निघालं. मिळाला बटाटाच, पण चार प्रकारचा.

दुसऱ्या दिवशी ऋताला जाग आली तेव्हा नऊ वाजले होते आणि शेजारी अनिश नव्हता. ती पायात चप्पल न घालता खाली धावली. स्वयंपाकघरात अनिश स्टुलावर उभा राहून कणकेला बुक्क्या मारत होता आणि नोराबाई त्याला मागून धरून उभ्या होत्या, दोन्ही हातांनी.

"मी याला सोडलेलं नाही," त्या ऋताला म्हणाल्या. "एक मिनिटसुद्धा."

ऋता दारातच बसली आणि चहा प्यायली. सगळा, गरम असताना.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी एक वाजता नोराबाई प्लेनोला फोन करतात. सुचित्राबाई सून-मुलाला त्या वेळी हाक मारू देत नाहीत. फ्रँक काठी घेऊन चालायला लागले, शाल त्यांनी परत दिली नाही. डेक्लनने टेबलावर एक यादी लावली आहे, आसपास एकटे राहणाऱ्या नऊ जणांची, आणि नोराबाई रोज त्या नऊ जणांना फोन करतात.

फक्त गेल्या शनिवारी त्यांचा प्लेनोला फोन आला नाही. सुचित्राबाईंनी दीडपर्यंत वाट बघितली आणि ऋताला कळवलं. ऋताने रोवन हाउसला पाचदा लावला. वाजत राहतो, कोणी उचलत नाही. अंकुर म्हणतो, बागेत असतील, नाहीतर फ्रँककडे जेवण घेऊन गेल्या असतील. ऋतालाही तसंच वाटतं. नव्वद टक्के वाटतं.

तरी तिचं एक मागणं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी या आठवड्यात कॅट्सकिलच्या बाजूला जाणार असेल, तर जरा डोकावून याल का? हिरवं दार आहे, दिवसा उघडंच असतं. छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या बाई आहेत. बऱ्या आहेत ना, एवढंच बघायचं. त्या तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, तेव्हा एकच्या आत पोचा.

आणि पोचलात की ऋताला एक फोन टाका. नाही टाकलात तर ती काळजी करते.