आठ मिनिटांची मोहीम

दोन्या (म्हणजे बाईसाहेब) सेनोबिया यांनी आज्ञा केली की, लिमा शहरी कोंबी, म्हणजे उतारूंच्या डबागाड्या, हाकणारांचे माथे कशाने फिरते आणि फिरले माथे ठिकाणी कैसे येते, याचे वर्तमान आमचे घरचेच उदाहरण घेऊन साद्यंत लेहावे, पदरचे तिखटमीठ लावू नये आणि आमचे यजमानांची भीड तिळमात्र धरू नये. त्याजवरून उभयपक्षांस पुसोन, जैसे घडले तैसे लेहिले असे. उणेअधिक दिसल्यास दोष लेखकाचा; घडल्या मूर्खपणाचा दोष ज्याचा त्याचा.

राजमान्य राजश्री एलेओदोरो वामानी, कोंबीबहाद्दर, हे बावीस वर्षे एका पांढऱ्या डबागाडीचे चाक धरून होते. गाडीत जागा पंधरा असामींची, बसत अठ्ठावीस, आणि दारात लटकून खाशा दोन्या सेनोबिया, त्यांचे कुटुंब, "चला चला, आत मैदान मोकळं आहे! उतरताना उजवा पाय आधी, उजवा पाय!" ऐसा पुकार करीत. घरी हा पुरुष मोठा सालस. कोंबडी कापावयाची तरी शेजाऱ्यास बोलावी. परंतु चाकास हात लागला की अंगात वारे शिरे, आणि मग भोंगा वाजे, आणि मग खिडकीतून मान बाहेर येई, आणि मग शहरातील तमाम मातोश्रींचा उद्धार होई.

या कोपाचे कारण कोणी पित्तास देत, कोणी सासुरवाडीस देत. ते सर्व झूट. खरे कारण मिनिटे. चौकाचे कोपऱ्यावर दोन्या एर्मेलिंदा म्हणोन एक वृद्धा तिवई टाकून बसत आणि गेली कोंबी वहीत टिपून घेत, आणि मागून येणारास सांगत की पुढला किती मिनिटांमागे गेला. एका नाण्यास एक खबर, ऐसा त्यांचा हरकाऱ्याचा धंदा. पुढला जवळ असला तर तो वाटेचे उतारू झाडून नेणार आणि मागल्याचे नशिबी ओस थांबे. म्हणोन "तीन मिनिटं" इतके शब्द कानी पडताच वामानी लाल दिवा, हिरवा दिवा एक करून गनिमाचे पाठीवर तुटून पडत.

गनीम म्हणाल तर फोर्तुनातो कोंदोरी, त्याच मार्गावरचे नामांकित हाकणार. घात ऐसा की ते वामानींचे कन्येचे धर्मपिता, म्हणजे वामानींचे कोंपाद्रे, आणि कोंपाद्र्यास अरेतुरे करणे हे त्या उभयतांचे घराण्यांत महापाप. सबब भर रस्त्यात गाडीस गाडी घासून जी लढाई होई ती पुऱ्या अदबीने होई.

"कोंपाद्रे, आपण गाढव आहात!"

"आणि आपण त्या गाढवाचे मागचे पाय, कोंपाद्रे! पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे, आपली आठवण काढते. आता बाजूला व्हा, नाहीतर आरसा उडवीन!"

ऐशा लढायांत आरसे पाच कामास आले आणि परवान्यावर गुन्हे चढत गेले. शेवटी वाहतुकीचे दरबारातून खलिता आला की, येथून पुढे एक जरी गुन्हा नोंदला तरी परवाना तीन वर्षे खालसा होईल. वामानींस दुसरा हुन्नर ठाऊक नाही. त्यांनी घरचे तसबिरीपुढे मेणबत्ती लावून शपथ घेतली की आता राग करणे नाही, आणि ती शपथ दुसरे दिवशी पहिल्या "दोन मिनिटं"पर्यंत शाबूत राहिली.

तेव्हां दोन्या सेनोबिया यांनी मनी आणिले की, हा पुरुष उपदेशाने सुधारणारा नव्हे, याची रसदच तोडिली पाहिजे. मग रविवारी केळीचे पानात बांधलेले तमालेस, म्हणजे मक्याचे वाफवले उंडे, घेऊन त्या दोन्या एर्मेलिंदांचे घरी गेल्या आणि लाडाने "मामिता", म्हणजे आईसाहेब, म्हणोन बोलू लागल्या.

"मामिता, उद्यापासून ह्याला खरं सांगू नका."

"अगं ए! चाळीस वर्षं वही लिहितेय मी. एक आकडा खोटा दाखव."

"परवाना गेला तर तो घरी बसेल, मामिता. दिवसभर. माझ्या डोळ्यांसमोर."

वृद्धेने पान सोडिले, एक घास खाल्ला, आणि विचारांती म्हणाली, "किती सांगू?"

"आठ. पुढं असेल त्यालाही सांगा, मागचा आठ मिनिटं लांब आहे."

आठ मिनिटे पुढे गेलेल्यास गाठणे कोणासही शक्य नव्हे, आणि जे शक्य नव्हे त्याचा नाद मनुष्य सुखाने सोडतो, ही त्यातील हिकमत. ती लागू पडली. तीन आठवडे वामानी थांब्यावर पुरते थांबू लागले, आणि म्हाताऱ्या माणसांचे दोन्ही पाय जमिनीस लागल्यावरच गाडी हालवू लागले, आणि आपले मार्गावर झाडे आहेत हे त्यांस बाविसावे वर्षी कळले. उतारू पूर्वीइतकेच मिळत. दोन्या सेनोबिया दारात उभ्या राहून मनात हसत आणि तोंडाने "उजवा पाय" म्हणत.

परंतु खोटे कितीही चांगले असो, त्यास एक दिवस चौक आडवा येतोच. सकाळचे बारीक धुकट पावसात मोठे गोल चौकात दोन्ही कोंबी शेजारी शेजारी येऊन ठाकल्या.

"कोंपाद्रे! आपण तर आठ मिनिटं पुढं होतात!"

"आणि आपण आठ मिनिटं मागं!"

मग तीन आठवड्यांचा तुंबला कोप वामानींचे कानशिलापर्यंत चढला, आणि हात भोंग्यावर गेला, आणि वीस पावलांवर वाहतुकीच्या हवालदारीणबाई यानिना यांनी गुन्ह्याची वही उघडिली. दारातून दोन्या सेनोबिया ओरडल्या, "एलेओ, परवाना!" वामानींनी डोळे मिटले, राग घशाखाली उतरविला आणि हात पुढे करून म्हणाले, "आपण व्हा पुढं, कोंपाद्रे."

ऐसे वाक्य त्या चौकात पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. कोंदोरींनी तर्क केला की यात दगा आहे.

"मी पुढं जाणार आणि आपण बगलेतून घुसणार! छे, आधी आपण."

"नाही हो, आपणच."

"मी काल जन्मलो का, कोंपाद्रे?"

मग दोन्ही गाड्या सौजन्याने जागीच रुतल्या, आणि पाच रस्त्यांची फौज मागे तुंबली, आणि भोंग्यांचा एकच गिल्ला जाहला. गाडीतून एक बाई कळवळून म्हणाली, "अहो, मारामारी करा हवं तर, पण निघा!"

हवालदारीणबाई शिटी फुंकीत आल्या. फर्मान जाहले की वाहतूक अडविली, परवाने हाती द्यावे. वामानींनी दिला.

"का अडवलीत वाट?"

"मॅडम, मी यांना वाट देत होतो."

"आणि मी घेत नव्हतो," कोंदोरींनी प्रामाणिकपणे सांगितले.

बाईंनी वहीची पाने चाळिली. भरधाव जाणे होते, घुसणे होते, शिवीगाळ होती, आरसा तोडणे होते. पुनः चाळिली. "वाट देणं यात कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं उभी आहे मी इथं. असं पाहिलं नाही. घ्या हे परवाने, कोंदोरी आधी निघतील, मग वामानी, आणि माझं डोकं फिरायच्या आत निघा!"

पुढील फेरीस कोंबी दोन्या एर्मेलिंदांचे तिवईपाशी थांबली. चौकातील बोभाटा कानी गेलाच होता, म्हणोन वृद्धेने वही छातीशी धरिली. "बाबा, झालं ते झालं. खरं सांगते. दोनच मिनिटं झालीत त्याला."

दोन मिनिटे म्हणजे कोंदोरी दुसरे दिव्याशी गाठता येतील. वामानींचा पाय आपसूक दाबला गेला आणि गाडी गुरगुरली. दारात दोन्या सेनोबिया दांडी धरून उभ्या. बोलावयाचे ते बावीस वर्षांत बोलून जाहले होते. वामानींनी आरशात त्यांचा चेहरा पाहिला, आणि मग पाय उचलिला.

"मामिता, आठ म्हणा."

"आठ," वृद्धा म्हणाली.

"मग काय घाई आहे," ऐसे बोलून वामानींनी सावकाश गाडी काढिली. येणेप्रमाणे एकही आरसा न फुटता ही मोहीम फत्ते जाहली; परवाना वामानींचे खिशात आणि वामानी दोन्या सेनोबियांचे अमलात, ऐशी मुलखाची व्यवस्था लागली, ती दफ्तरी दाखल केली असे.