सहा ते सात, सहकुटुंब व्यायाम

मुलांनी हातपाय हलवावेत असं वाटत असेल तर घरच्यांनी त्यांच्याबरोबर वेळ घालवावा, हे वाक्य आवक-जावक विभागाच्या हेडक्लार्कांनी न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना वाचलं. उरलेली अर्धी होईपर्यंत निर्णय झालाही. (ऑफिसात साध्या पाकिटावर शिक्का मारायला ते तीन दिवस घेत, पण घरच्यांच्या भल्याला कशाला उशीर?) सोमवारपासून रोज सहा ते सात सहकुटुंब व्यायाम.

त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते उगाच नव्हे. शाळेतून आली की दप्तर दारात टाकून ती जी खाली अंगणात पळायची, ती सातला लालबुंद होऊनच वर यायची. हेडक्लार्क घरी पोचायचे साडेसातला. तेव्हा ती पुस्तक घेऊन लोळत असायची. त्यामुळे आपली मुलगी दिवसभर लोळते, हे त्यांना पुराव्यानिशी ठाऊक होतं. त्यात महिनाअखेर शाळेच्या रिले संघाची चाचणी होती, आणि भिंगरीचा सगळा जीव त्या संघात अडकला होता. तेव्हा बापाने लक्ष घालणं भागच होतं.

सोमवारी ते ऑफिसातून लवकर निघाले आणि व्यायामासाठी भिंगरीला खेळातून वर बोलावून खुर्चीत बसवलं. बायको नर्स होती, आठ तास वॉर्डात उभी राहून आलेली. तिलाही हालचालीचं महत्त्व समजावून देण्यात आलं. पहिला दिवस हजेरी आणि प्रास्ताविकात गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं इतिवृत्त वाचून कायम केलं. तिसऱ्या दिवशी दोरीच्या उड्यांचा विषय निघाला, तो सर्वानुमते (म्हणजे हेडक्लार्कांच्या मते) पुढे ढकलला. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच प्रात्यक्षिक दाखवलं. पहिल्या उडीला दोरीने दिव्याची काच खाली आणली, दुसऱ्या उडीला कमरेत उसण भरली. तिसरी उडी झाली नाही.

पुढचे तीन आठवडे व्यायामाचा तास त्यांच्या पलंगाभोवती भरला. भिंगरी त्यांच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी धरून बसायची. खालून पोरांचा गलका आला की तिची नजर खिडकीकडे जायची.

"बाबा, जाऊ?" तिने एकदा विचारलं.

"हा आपला एकत्र वेळ आहे," हेडक्लार्क पालथे पडल्या पडल्या म्हणाले. "तुझ्याच पायांसाठी चाललंय हे सगळं."

चाचणीत, दरवर्षी पहिल्या तिघींत येणारी भिंगरी सातवी आली. घरी येऊन ती रडली नाही की चिडली नाही. बुटांच्या नाड्या सोडत नुसती बसून राहिली. आपणच पोरीच्या आनंदावर पाणी फिरवलं, असं हेडक्लार्कांना अगदी मनापासून वाटलं. बायकोने दुजोरा दिला.

"रोज पळत होती पोरगी," ती म्हणाली. "तिला तुम्ही बसवलंत."

दुसऱ्या दिवशी ते खेळाच्या बाईंना जाऊन भेटले आणि आयुष्यात पहिल्यांदा चूक आपली आहे असं कबूल केलं. बाईंनी दोन आठवड्यांनी तिला पुन्हा पळवून बघायचं मान्य केलं. त्या संध्याकाळी हजेरीची वही बंद झाली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकत्र वेळ तर द्यायलाच हवा, म्हणून हेडक्लार्क कमरेला पट्टा बांधून स्वतःच खाली उतरले आणि पकडापकडीत घ्या म्हणाले. पोरांनी बाजूला जाऊन कुजबुज केली आणि त्यांना घेतलं.

आणि काय आश्चर्य, त्यांच्यावर राज्य म्हणून येईना. ते जोरात पळत, मग चालत, मग जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहत. पोरं येताजाता त्यांच्या पाठीवर थाप मारत (कौतुकाने, दुसरं काय). ऑफिसात त्यांनी चपळाईवर दोनदा भाषण दिलं.

दुसऱ्या खेपेला भिंगरी दुसरी आली आणि संघात गेली. हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. दोन आठवड्यांत एवढा फरक कसा पडला, असं बाईंनी विचारलं.

"मी रोज खेळतो तिच्याबरोबर," हेडक्लार्क छाती फुगवून म्हणाले. "माझ्यावर अजून एकदाही राज्य आलेलं नाही."

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं.

"बाबा कच्चा लिंबू आहेत," भिंगरी म्हणाली. "त्यांना शिवलं की राज्य माझ्यावर येतं. म्हणून सगळे त्यांनाच शिवतात."