मेस्कलचा किंचित अतिरेक

जे पेय माणसं शेकडो वर्षं बिनतक्रार पीत आली आहेत, ते चांगलं आहे की नाही हे ठरवायला समिती लागतेच. ओआहाका शहरात अशी समिती नव्हती, तोवर लोक केवळ चवीवर विसंबून पीत होते (आणि तरी सुखी होते, हे विशेष).

चौकातल्या एका उंची बारने ही उणीव भरून काढली. स्वाद-समितीचे सदस्य पाच. त्यांचा मेस्कलचा एकत्रित अनुभव अकरा वर्षांचा. पैकी नऊ वर्षं त्यांच्या ड्रायव्हरची.

त्या दुपारी समितीपुढे एउसेबिया कान्सेको बसली होती. डोंगरातल्या गावात ती घायपाताचे गड्डे खड्ड्यात भाजून मेस्कल गाळायची. बारने तिचं मेस्कल पसंत केलं तर भट्टी चालणार होती. नाही केलं तर भट्टीचं तांब्याचं भांडं हाच बार दारात कुंडी म्हणून ठेवणार होता. (त्यात निवडुंग लावायचा, इथवर ठरलं होतं.)

नुसतं मेस्कल चाखणं समितीच्या नियमात बसत नाही. त्याने जिभेवर थेट परिणाम होतो. ते कॉकटेलमधूनच तपासावं लागतं. म्हणून बारटेंडर उलिसेसने ‘डोंगराची कबुली’ सिद्ध केली. तीत होतं: फ्रान्सच्या मौनी साधूंचा, शंभरावर वनस्पतींचा हिरवा अर्क, लिंबाचा रस, घायपाताचा पाक, चेरीचं मद्य, पोलेओ या पुदिन्यासारख्या रानपाल्याची दोन पानं (ही नशेच्या उताऱ्यालाही चालतात, म्हणजे रोग आणि औषध एकाच पेल्यात), काठाला वाळवलेल्या अळ्या कुटून घातलेलं मीठ, जळत्या रोझमेरीचा धूर, आणि हाताने घासून गोल केलेला बर्फ.

“मावशी, घाबरू नका,” उलिसेस पुटपुटला. “तीन आठवडे याच पेल्यावर घासतोय मी.”

“दिसतंय रे लेकरा. बर्फ पार झिजलाय.”

अध्यक्ष बाल्तासार यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. इतरांनीही मिटले (नियम दोन).

“मेस्कल बोलत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “ऐकतं.”

“मागे कुठेतरी डोंगर आहे,” दुसरे म्हणाले.

“डावीकडे,” तिसऱ्या बाईंनी दुरुस्ती केली.

शंभरपैकी शहाण्णव गुण पडले. चार कापले, ते मेस्कलच्या किंचित अतिरेकाबद्दल.

एउसेबियाची नजर तेव्हा उलिसेसच्या कोपरापाशी गेली. तिथे तिची बाटली उभी होती. मक्याच्या कणसाचं बूच जागच्या जागी, आणि त्यावर तिने स्वतः बांधलेला लाल दोरा तसाच, गाठीसकट.

उलिसेसनेही पाहिलं. त्याचा चेहरा पिळलेल्या लिंबासारखा झाला. “मावशी… राहिलंच की हो!” तो कुजबुजला.

एउसेबियाने विचार केला. खरं सांगितलं तर समिती चुकली असं होणार. पण समिती चुकत नाही (नियम चार). म्हणजे चूक मेस्कलची ठरणार, आणि भांड्यात निवडुंग.

“बाई,” अध्यक्षांनी विचारलं, “प्रमाण थोडं कमी करता येईल?”

“याहून कमी?” एउसेबिया म्हणाली. “प्रयत्न करते, बाल्तासारसाहेब.”

मेस्कल एकमताने पसंत झालं. भट्टी वाचली. बाटली काखेत मारून ती गावी परतली आणि शेजारणींसोबत भोपळ्याच्या वाट्यांतून संपवून मोकळी झाली. एकीलाही घोटात डोंगर दिसला नाही, तो समोरच होता.

समितीला खुशाल हसा. फक्त त्याआधी वरची घटकांची यादी पुन्हा वाचा. मेस्कल तीत नव्हतंच, आणि मघाशी तुम्हीही मान डोलावत पुढे आलात.