ठसक्याचा जबाब

"बाबा, या वेळी काहीही चुकणार नाही," सून म्हणाली, आणि स्टेनोसाहेबांनी धास्तावून तिच्याकडे पाहिलं.

कारण हेच वाक्य तिने सहाव्या भागाच्या वेळी म्हटलं होतं, आणि त्या भागात पाहुण्यापेक्षा फ्रिज जास्त बोलला होता. अकराव्या भागाच्या वेळीही म्हटलं होतं. तेव्हा पाहुण्याची सगळी उत्तरं आली, हिचा एकही प्रश्न आला नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा माणूस एकटाच खोलीत बसून आपली कैफियत मांडतोय.

सून आठवडाभर विमा कंपनीत लोकांचे फोन घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी हिपहॉपवर पॉडकास्ट करायची. भिंती रंगवणारे, फुटपाथवर नाचणारे, गल्लीत उभं राहून रॅप करणारे, कुणीही कुठे नवं काही करतंय असं कळलं की ही माइक घेऊन हजर. श्रोते एकूण त्रेपन्न. त्यातले एक घरचेच, म्हणजे सासरे.

स्टेनोसाहेब ते हेच. बत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक. मिनिटाला एकशे चाळीस शब्द, आणि तेही असे की वकिलाने घेतलेला आवंढासुद्धा सुटायचा नाही. निवृत्त झाले, पण हाताला ते कळलंच नाही. टीव्हीवरच्या बातम्या, शेजारणीचं फोनवरचं भांडण, सगळं शॉर्टहँडमध्ये वहीत उतरायचं. ते वाचायला कुणी मागत नसे. घरात शॉर्टहँड येणारं दुसरं होतंच कोण? वह्या भरायच्या आणि कपाटात जायच्या. सून तेवढी कधीतरी विचारायची, "बाबा, आज काय लिहिलंत?" एवढं विचारलं तरी त्यांचा दिवस बरा जायचा.

या वेळची पाहुणी होती ठसका. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुणारी ही बाई रविवारी दुपारी सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर उभी राहायची आणि तासभर रॅप करायची. पाठांतर नाही, कागद नाही. त्या क्षणी सुचेल ते, आणि एकदा बोललेलं पुन्हा नाही. तिची एक अट असायची : दारात टोपली ठेवलेली, तिच्यात सगळ्यांनी फोन टाकायचे. रेकॉर्डिंगला तिने कधीच कुणाला परवानगी दिली नव्हती. सून चार महिने तिच्या मागे लागली होती, तेव्हा कुठे ती म्हणाली, "एकदा. फक्त एकदा."

ऐन रविवारी सुनेच्या नवऱ्याची ड्यूटी निघाली. मदतीला माणूस नाही. सून दारात पिशव्या घेऊन उभी राहिली तेव्हा स्टेनोसाहेबांनी न विचारताच कडक इस्त्रीचा शर्ट चढवला, खिशात टोक केलेल्या चार पेन्सिली आणि वही ठेवली.

"बाबा, तुमचं एकच काम," रिक्षात तिने समजावलं. "मी पुढे तिच्याजवळ असेन. रेकॉर्डर तुमच्या शेजारी स्टुलावर. त्यावर लाल दिवा असतो. मी बटण दाबून तुमच्याकडे बघेन. लाल दिसला की मान हलवायची."

"लाल दिसला की मान हलवायची," त्यांनी जबाब वाचून दाखवावा तसं म्हटलं.

माडी भरलेली होती. साठेक माणसं, खाली सतरंजी, कोपऱ्यात रॅपला ताल देणारा बीटवाला आपल्या यंत्रावर वाकलेला. सुनेने रेकॉर्डरचं बटण दाबलं, धावत पुढे गेली, वळली, आणि भुवया उंचावल्या. स्टेनोसाहेबांनी दिवा पाहिला. लाल होता. त्यांनी मान हलवली.

दिवा लुकलुकत होता. पण लुकलुकतोय का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बत्तीस वर्षं साक्षीदारांना वकील एकच गोष्ट सांगताना त्यांनी ऐकलं होतं : विचारलं तेवढंच सांगा. तो दिवा लुकलुकतो तेव्हा यंत्र नुसतं ताटकळत असतं, बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर काम सुरू होतं, हे सुनेला माहीत होतं. घाईत ती विसरली.

ठसका आली. ठेंगणी, चाळिशीची, हातांची कातडी साबणाने पांढरी पडलेली. तिने माइक हातात घेतला आणि सुरू झाली.

"चारशे चादरी सकाळी, चारशे चादरी दुपारी,
डाग कुणाचा विचारत नाही, पाणी सगळ्यांना तारी."

स्टेनोसाहेबांची बोटं शिवशिवली. असा वेग त्यांनी एका फौजदारी वकिलानंतर कुणाचा ऐकला नव्हता. वही उघडली, पेन्सिल टेकवली, आणि हात सुटला तो सुटलाच.

इथून पुढचा घोळ सायकलवाल्याचा. माडी त्याची. आवाजाबद्दल कुणीतरी तक्रार केल्याची नोटीस आठच दिवसांपूर्वी त्याच्या हातात पडली होती. आता त्याला दिसलं की पुढच्या रांगेत एक करड्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ मान खाली घालून भराभर काहीतरी नोंदवतोय. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाली धावला आणि हातांची खुर्ची घेऊन आला.

"साहेब, सतरंजीवर कशाला? इथे बसा."

स्टेनोसाहेब खुर्चीत बसले, लिहीत राहिले. मग पंखा त्यांच्याकडे वळला. मग चहा आला. मग दुसरा चहा, बशीत बिस्किटं. वयस्कर माणसाची या मुलांना किती कदर आहे, असं मनात येऊन त्यांना भरून आलं. कोर्टात त्यांच्या टेबलाला साधा पंखा मिळायला सात वर्षं लागली होती.

सायकलवाला कानाशी वाकला. "साहेब, आवाज जरा कमी करू का?"

"झाला तर बरंच," पेन्सिल न थांबवता ते म्हणाले. "म्हणजे एकेक शब्द नीट नोंदवता येईल."

सायकलवाल्याला घाम फुटला. त्याने बीटवाल्याला खूण केली. बीट कमी झाली. आणखी खूण केली. बीट बंदच पडली.

ठसका जागच्या जागी थांबली. तिने बीटवाल्याकडे पाहिलं, बीटवाल्याने सायकलवाल्याकडे, सायकलवाल्याने नजरेनेच खुर्चीकडे. सून एकटीच गोंधळून इकडे तिकडे बघत होती. आपल्या सासऱ्यांकडे सगळे असे का पाहतायत?

ठसका दोन पावलं पुढे आली आणि बीटशिवाय, थेट त्यांच्या तोंडावर सुरू झाली.

"पुढच्या रांगेत बसलेत साहेब, शर्टाला कडक इस्त्री,
वहीत काय एवढं लिहिता, गुन्ह्यांची माझ्या जंत्री?
लिहा साहेब, लिहून घ्या, पेन्सिल करा बोथट,
जीभ माझी तशीच राहील, धारदार नि चोखट."

माडी उसळली. लोक उभे राहिले. स्टेनोसाहेबांनी ते चारही चरण उतरवले, कंसात 'श्रोत्यांचा गदारोळ' असं लिहिलं, बोथट झालेली पेन्सिल खिशात टाकून दुसरी काढली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत वर पाहिलं. हा माणूस चिडतही नाही हे बघून ठसक्याला आणखी चेव आला. अर्धा तास ती बीटशिवाय बोलली. धुलाईखान्याबद्दल, मुकादमाबद्दल, आईबद्दल. जुने श्रोते नंतर म्हणत होते की ती इतकी आजवर कधी रंगली नव्हती.

शेवटी टाळ्या थांबल्या. सून हसत रेकॉर्डरपाशी आली, वाकली, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"बाबा, हा दिवा पहिल्यापासून लुकलुकत होता?"

"हो."

"सांगितलं नाहीत?"

"लाल आहे का, एवढंच विचारलं होतंस." हे बोलतानाच त्यांना आपली चूक कळली. कोर्टात हे उत्तर बरोबर ठरलं असतं. इथे नाही.

सून स्टुलाशेजारी खालीच बसली. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "चार महिने, बाबा. आणि ती पुन्हा कधीच बोलत नाही." त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं स्टेनोसाहेबांना वाटलं. त्यांनी खुर्चीतून उठून वही दोन्ही हातांनी धरली. हे पुढे करावं की करू नये, याचाच ते विचार करत राहिले. बत्तीस वर्षांत कुणी मागितल्याशिवाय त्यांनी कधी वाचून दाखवलं नव्हतं.

"माझ्याकडे आहे," ते हळूच म्हणाले.

"काय आहे?"

"तिचा जबाब. पहिल्या शब्दापासून."

एव्हाना ठसका जवळ आली होती आणि मागे सायकलवाला हात चोळत उभा होता. "साहेब, नोटिशीचं मी उत्तर देणारच होतो," त्याने सुरुवात केली.

"कसली नोटीस? अहो, हे माझे सासरे आहेत," सून म्हणाली.

सायकलवाल्याने बिस्किटांच्या बशीकडे एकदा पाहिलं आणि तो खुर्चीवर बसला.

"वाचा बघू," ठसका म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता.

स्टेनोसाहेबांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. चढ नाही, उतार नाही, कोर्टात वाचायचे तसंच. "चारशे चादरी सकाळी. स्वल्पविराम. चारशे चादरी दुपारी." कंसातलंही सोडलं नाही : "इथे साक्षीदार श्वास घेते." "इथे बीट बंद पडते, कारण अज्ञात." आपल्यावरचे चार चरण आले तेव्हा तेही त्याच सुरात वाचले, इस्त्रीसकट. जिन्यावर पोहोचलेली माणसं परत आली. कुणी हसायला लागलं, मग सगळेच. ठसका मात्र हसत नव्हती. भिंतीला टेकून, डोळे मिटून ती स्वतःचे शब्द ऐकत होती. इतकी वर्षं ते तोंडातून जायचे आणि संपायचे.

सुनेने गुपचूप रेकॉर्डरचं बटण दाबलं. मग दुसऱ्यांदा दाबलं. दिवा स्थिर झाल्याचं तिने स्वतः वाकून पाहिलं आणि ठसक्याकडे नजरेनेच विचारलं. ठसक्याने मान हलवली.

वाचून झालं तेव्हा ठसक्याने स्टेनोसाहेबांचा पेन्सिलीचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला. "मला हे टाइप करून द्याल? आईसाठी. तिला ऐकू येत नाही, लहानपणापासूनच. एरवी माझे ओठ वाचते, पण मी रॅप करायला लागले की म्हणते, तू नुसती चघळल्यासारखी दिसतेस. मी काय बोलते ते तिला अजून माहीत नाही."

स्टेनोसाहेबांनी ते काम दोन दिवसांत केलं. सव्वीस पानं, एकही खाडाखोड नाही. देताना त्यांनी ठसक्याचे आभार मानले आणि ती गोंधळली. आभार तिने मानायचे होते. पण या माणसाला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी प्रत मागितली होती, ते तिला कुठून कळणार? सुनेने वाचनाचा भाग, कोर्टात प्रतीला म्हणतात तसं 'साहेबांची नक्कल' नाव देऊन, पॉडकास्टवर टाकला. श्रोते सातशेवर गेले. सायकलवाल्याने ती खुर्ची खाली नेलीच नाही.

पंधरा दिवसांनी ठसक्याच्या आईचं पत्र आलं. सून ते मोठ्याने वाचू लागली, आणि ठसकाही तेव्हा घरी आलेली होती.

"साहेबांस नमस्कार. माझी मुलगी खूप बोलते हे मला ठाऊक होतं. काय बोलते ते तुमच्यामुळे कळलं. पानं मी तीनदा वाचली, शेजारणीलाही दिली. तुमचे उपकार फिटणार नाहीत. मात्र पान एकोणीसवर तिने म्हटलं आहे :

'नाटकात मला परी व्हायचं होतं, शाल ठेवणीतली फाडली,
पंख शिवून झाल्यावर आई भिंतीकडे वळून रडली.'

यात दोन चुका आहेत. मी आयुष्यभर शिवणकाम केलं आहे, चांगलं कापड फाडत नाही. शाल मी शिवणीवर उसवली. आणि मी रडले नव्हते, मला सर्दी झाली होती. कृपया नोंद दुरुस्त करावी."

सुनेने पत्र खाली ठेवलं.

"सर्दी नव्हती," ठसका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी शेजारीच पडले होते, जागी."

"मग कुणाचं खरं धरायचं, बाबा?" सुनेने विचारलं.

स्टेनोसाहेबांनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. खरंखोटं ठरवणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं. ते वरच्या खुर्चीतला माणूस ठरवायचा, हे लिहायचे. पण या प्रकरणात वरच्या खुर्चीत कुणी बसलेलंच नव्हतं.

"सर्दी," त्यांनी आयुष्यातला पहिला निकाल दिला. "त्या म्हणतात तर सर्दीच होती."

ठसक्याने डोळे पुसले आणि मान डोलावली. "मान्य आहे, साहेब. 'फाडली'च्या जागी 'उसवली', 'रडली'च्या जागी 'सर्दी'. पण मग यमक कसं जुळवू?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," स्टेनोसाहेब म्हणाले, आणि त्यांनी टाइपरायटरमध्ये कोरा कागद सरकवला.