विश्वास, दहापैकी

रविवारी दुपारी बेल वाजली म्हणून डॉक्टरांनी दार उघडलं. दारात हातात टॅब घेतलेली एक बाई उभी होती. ती त्यांना ओळखत नव्हती. पण तिच्या गळ्यातलं ओळखपत्र डॉक्टरांच्याच सहीनं निघालं होतं, आणि टॅबमधला प्रश्न न् प्रश्न त्यांच्याच डोक्यातून आला होता.

डॉक्टर हे औषधं देणारे डॉक्टर नव्हते. बिल्डिंगमधली मंडळी तरीही त्यांना गुडघे दाखवायला यायची, तो भाग वेगळा. ते एका संशोधन संस्थेत होते आणि लोकांचा शास्त्रज्ञांवर किती विश्वास आहे, हे मोजणं हे त्यांचं काम होतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे डोळे मिटून. पाहणीसाठी कोणत्या घरी जायचं ते काँप्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. गेल्या खेपेला पाहणीवाल्यांनी कुत्रं असलेली आणि लिफ्ट नसलेली घरं परस्पर गाळली होती, म्हणून यंदा डॉक्टरांनी सगळ्यांना दम भरला होता: निवडलेलं घर बदलायचं नाही, मग ते कोणाचंही असो. हे म्हणताना त्यांना स्वतःचं घर आठवलं नव्हतं.

खरं तर पूर्वी सुरुवातीलाच विचारलं जायचं, की घरातलं कोणी या पाहणीच्या कामात आहे का? हो म्हटलं की घर बाद. तो प्रश्न यंदा डॉक्टरांनीच उडवला होता. एवढ्या मोठ्या शहरात असं कोण सापडणार, असं ते बैठकीत म्हणाले होते आणि स्वतःच हसले होते. आता तोंड उघडावं तर सोमवारी ऑफिसात बाकीचे हसणार. त्यांनी बाईला आत घेतलं. शिवाय त्यांच्या घरातून दहापैकी किती मिळतात, हे ऐकायला त्यांचे कान आतून शिवशिवत होते.

"घरातल्या मोठ्या माणसांपैकी आता कोणाचा वाढदिवस आधी येतो? त्यांच्याशीच बोलायचंय," बाई म्हणाली. हा नियमही डॉक्टरांचाच.

"माझाच," डॉक्टर घाईनं म्हणाले.

"तुझा झाला की," आतून बायको हात पुसत आली. "केक तूच खाल्लास सगळा. पुढच्या आठवड्यात माझा आहे."

डॉक्टरांच्या हे पार डोक्यातून गेलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बायकोनं ते पाहिलं. मुलाखतीला सुरुवात व्हायच्या आधीच एक मार्क गेला असावा.

मुलाखत चालू असताना खोलीत दुसरं कोणी नको, असंही नियमात होतं. डॉक्टरांची स्वयंपाकघरात रवानगी झाली. तिथे त्यांची आई मटार सोलत बसली होती, आणि तिच्या मागे ती भिंत होती.

ती भिंत म्हणजे या घरातलं जुनं भांडण होतं. तिच्यावर ओलीचा मोठा डाग पडला होता. बायकोचं म्हणणं, आतला पाइप फुटलाय, प्लंबर बोलव. डॉक्टरांचं म्हणणं, ही स्वयंपाकाची वाफ आहे, गार भिंतीवर तिचं पाणी होतं. त्यांनी तिथे हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र टांगलं होतं आणि रोज सकाळी ते त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. डाग वाढतच होता.

बाहेर पहिला प्रश्न झाला. विज्ञानामुळे आयुष्य सोपं झालंय का? मिक्सरमुळे झालंय, बायको म्हणाली. मग मुद्द्याचा प्रश्न आला.

"शास्त्रज्ञांवर तुमचा किती विश्वास आहे, दहापैकी?"

"मी एकालाच ओळखते."

"सर्वसाधारणपणे सांगा, ताई."

"मग त्या एकावरूनच सांगावं लागेल."

"एकावरून निष्कर्ष काढता येत नाही," डॉक्टर स्वयंपाकघरातून ओरडले.

मग पाहणीवाली शांतपणे म्हणाली, की मधे कोणी बोललं तर मुलाखत पहिल्यापासून घ्यावी लागते, वरून तसा हुकूम आहे. वरून म्हणजे कुठून, ते डॉक्टरांना ठाऊक होतं. बाईनं उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"मला विचारलं असतं तर मी दहा दिले असते," आई म्हणाली.

डॉक्टरांना भरून आलं. "खरंच?"

"तुला नाही रे. शास्त्रज्ञांना."

आता दाराआडून काही धड ऐकू येईना. बाहेरची खोली भिंतीपलीकडेच होती, म्हणून डॉक्टरांनी सरळ त्या भिंतीला कान लावला. ओल त्यांच्या गालाला गार लागली.

"शास्त्रज्ञ स्वतःची चूक मान्य करतात, असं वाटतं का?"

"अजून पाहण्यात नाही."

"बरं, मग विश्वास दहापैकी..."

"तीन."

तीन. अनोळखी माणसंही सहा द्यायची. डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं. सगळ्या शहराचा विश्वास मोजत फिरावं आणि घरात हे. ते तसेच भिंतीला चिकटून राहिले, आणि तेवढ्यात त्यांच्या कानाशी भिंतीच्या आतून पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट. पाइपच.

क्षणभर त्यांना वाटलं, आपण हे ऐकलंच नाही असं समजू. पण आई त्यांच्याकडे बघत होती. ते दार उघडून बाहेर गेले.

"भिंतीत पाणी वाहतंय," ते म्हणाले. "माझं चुकलं."

बायकोनं आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या कानाकडे. अर्धा कान चुन्यानं पांढरा झाला होता, तेव्हा ते कसं कळलं, हे विचारायची गरज नव्हती. मग ती पाहणीवालीला म्हणाली, "तिनाचे आठ करा."

डॉक्टरांना आनंद झाला. बाईचं बोट टॅबवर टेकणार, तोच डॉक्टरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला.

"नाही करता येणार," ते म्हणाले. "माझ्यामुळे उत्तर बदललं. आणि... ही पाहणी माझीच आहे. हे घरच बाद करा."

पाहणीवालीनं टॅब मिटला. हे आधी सांगितलं असतं तर मी जेवून घेतलं असतं, एवढंच ती म्हणाली, आणि चपला घालून गेली.

"ते आठ खरे होते ना?" दार लागताच डॉक्टरांनी विचारलं.

"आठ होते. तू ते स्वतःच खोडलेस तेव्हा नऊ झाले. आता विचारतोयस म्हणून सात."

संध्याकाळी प्लंबर आला. डॉक्टरांनी कान लावला ती जागा त्याला दाखवली आणि त्यानं छिन्नी चालवली. पाइप सापडेना म्हणून तो खोदत बाजूला सरकला, तिथून कोपऱ्यात, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत गेला, आणि पाइपच्या आधी त्याला आभाळाचा उजेड दिसला. पाइप शेवटी त्या भगदाडाच्या कडेला निघाला. प्लंबरनं त्याच्यावरून हात फिरवला आणि बोट डॉक्टरांपुढे धरलं. बोट कोरडं होतं.

"पाइप ठणठणीत आहे, साहेब. तो आवाज वरच्यांच्या आंघोळीच्या पाण्याचा. ते याच पाइपातून खाली जातं. ही ओल वाफेची."

डॉक्टर त्या बोटाकडे बघत राहिले. म्हणजे ते पहिल्यापासून बरोबर होते. फक्त दुपारी चुकले होते, आणि आठ मिळाले ते नेमके त्या चुकीला. प्लंबरला गप्प करून एक नवा पाइप बसवून घेतला असता तर कोणाला कळणार होतं? त्यांनी बायकोला हाक मारली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पाइपला हात लावून पाहिला.

"म्हणजे तुझंच बरोबर होतं?"

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि दहाची वाट बघत उभे राहिले.

"वाफच आहे हे तुला इतके दिवस माहीत होतं?"

"अगदी पुराव्यानिशी."

"मग ती बाहेर जायला एक पंखा का नाही लावलास?"

"निरीक्षणं पूर्ण व्हायची होती," डॉक्टर म्हणाले. आईनं गॅसवर कुकर ठेवला. शिट्टी झाली आणि सगळी वाफ त्या भगदाडातून शिस्तीत बाहेर निघून गेली.

"भोक पडलंच आहे," प्लंबर म्हणाला, "तर पंखा तिथेच बसवून टाका."

डॉक्टरांना ते पटलं. आठवडाभर ते खूश होते. भिंत वाळायला लागली होती, यंत्रातला आकडा खाली येत होता, आणि या खेपेला बायकोचा वाढदिवसही त्यांच्या लक्षात होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी चकचकीत कागदात बांधलेला, वर रिबन लावलेला खोका तिच्या हातात दिला. तिनं कागद हलक्या हातानं सोडवला. आत धूर बाहेर फेकायचा पंखा होता.

तिनं पंखा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"आता किती गं, दहापैकी?" आईनं आतून विचारलं.

डॉक्टर उठले. उत्तर देणाऱ्यावर दडपण नको, असा नियम होता. ते गॅलरीत गेले, दार लावून घेतलं, आणि कान कुठल्याही भिंतीला लागणार नाही असे अगदी मधोमध उभे राहिले.