वेस आत सरकली त्याची हकीकत

जी सर्व पोटात घालते आणि ढेकरही देत नाही त्या धरित्रीमातेस आधी दंडवत, मग लेखणीस शाई. शके एकोणीसशे चाळिसांचे उपरांत, उधळीनाम संवत्सरी, एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव पुसो नये, वाचणारास आपलेच वाटेल. राज्य सुखी होते आणि महाराज मनाचे थोर होते आणि प्रजेच्या हाती काचेची तबकडी आली होती, तीवर बोट ठेविले की दूरदेशीचा माल दारी हजर. मग घरोघर खोकी येऊ लागली आणि खोक्यात खोके आणि त्यात हवेची पिशवी आणि तिच्या पोटात एक चमचा. तोही एकवेळचा. पितळी ताटवाट्या माळ्यावर गेल्या आणि एकवेळचे पेले आले. पाणी प्यावे आणि पेला टाकावा. धुणे हे दारिद्र्य आणि टाकणे हे ऐश्वर्य, ऐसे शहाणे लोक म्हणो लागले. शहाण्यांचे काय जाते बोलावयास!

परंतु त्या राज्यी वडिलांचे वेळचा कायदा होता की कचरा वेशीबाहेर टाकावा, वेशीच्या आत काडी दिसो नये. प्रजा कायद्याची मोठी पक्की. रोज गाड्या भरोन बाहेर नेत आणि ओतीत आणि हात झटकीत. मग ढिगाची टेकडी जाहली आणि टेकडी वेशीस टेकली आणि दरवाजा उघडेना. तेव्हा विसोपंत प्रधान, दीडशहाणे पुरुष, हुजुरास अर्ज करिते जाहले, "महाराज, ढीग हालवायचा तर जन्म जाईल. वेसच हालवू. चार दगड आत घेतले की झाले." मसलत पसंत पडली. वेस आत आणिली, कायदा राहिला, कचराही बाहेरच राहिला आणि पंतांस शालजोडी मिळाली.

दुसरे साली टेकडी पुन्हा आली आणि वेस पुन्हा सरकली आणि त्या सरकण्यात तांबटआळी बाहेर पडली. आळीचे लोक भांडी घडवीत आणि पोचे काढीत. धंदा आधीच बसला होता, आता शहरही गेले. आळीत एक विहीर होती, अवघ्या राज्यात गोड पाणी तेथलेच. तीपाशी भिवराबाई तांबटीण राहात असे. टेकडीस आग लागोन धूर कोंदे आणि पावसाचे पाणी टेकडीतून झिरपोन विहिरीत उतरे आणि माणसे खोकत आणि गुरे पिशव्या खाऊन पोट फुगोन मरत. भिवराबाई तांब्याभर पाणी घेवोन दरबारी निघाली, तो वेशीवर शिपायाने अडविले. "बाई, कुठल्या?"

"तांबटआळीची."

"म्हणजे परमुलखातल्या. परवाना आणा."

"अरे मेल्या, मी जागची हलले नाही. तुमची वेस हलली!"

शिपाई म्हणे, कायदा आहे. बाई माघारी गेली. हे लिहिता राग येतो, येवो बापडा.

मग ऐसे घडले की बाळराजे, महाराजांचे एकुलते लेकरू, वय वर्षे सहा, खोकू लागले. धुरास वेस ठाऊक नसते. खोकता खोकता ओठ निळे पडत आणि राणीसाहेबांनी अन्न सोडिले. राजवैद्य नाडी पाहोन म्हणाले, "धूर थांबला आणि तांबटआळीचे गोड पाणी मिळाले तर आशा आहे. माझ्या पुडीत औषध नाही." महाराज उठोन तैसेच निघाले आणि टेकडीवर चढले. पायाखाली पाहतात तो बाळराजांच्या बारशाचे एकवेळचे ताट, वर सोनेरी राजचिन्ह, अजून लखलखीत. पलीकडे भिवराबाई विहिरीवर फळी झाकोन बसली होती.

"बाई, पाणी द्या. माझे लेकरू जाते."

बाईने पोहरा ओढिला. पाणी काळे आले. "माझी नात हेच प्यायली, महाराज. श्रावणात गेली."

महाराज तेथेच बसले आणि रडले. मग म्हणाले, "आता मी काय करू?"

"तुम्हाला एकच काम येतं, वेस सरकवायचं. तेच करा. फक्त उलटीकडं सरकवा."

मग वेस उचलोन टेकडीच्या पलीकडे नेली. टेकडी शहराच्या आत आली आणि कायदा तर तोच, आत काडी दिसो नये. प्रजेची बोबडी वळली. नव्या वेशीबाहेर टाकू म्हणोन पाहतात तो शेजारच्या राज्याची टेकडी तेथवर आलेली; त्यांच्या पदरीही विसोपंत असणारच. मग निरुपाय होवोन माळ्यावरची ताटे खाली आली आणि तांबटांचे ठोके वाजू लागले आणि आग विझविली आणि टेकडी उपसावयास काढिली. विसोपंत शालजोडी कमरेस खोचोन बाटल्या वेगळ्या करीत.

धूर निवाला म्हणोन बाळराजे वाचले, परंतु धाप राहिली ती राहिली. विहीर निवळावयास वर्षे गेली. गोड पोहरा निघाला तेव्हा बाळराजांस मिसरूड फुटली होती. भिवराबाईने पहिली ओंजळ नातीच्या नावे मातीत सोडिली, मग पोचा पडलेला तांब्या भरोन राजपुत्रापुढे केला. तो दमोन बसला होता. दोन्ही हातांनी घेवोन प्याला.

ऐसी वेशीची हकीकत. राज्य आहे, वेस आहे, बाहेर मात्र उरले नाही. ऐकणाराने उठावे आणि आपला पेला धुवोन ठेवावा.